बोटाचं ऐकणारा फझ

पुराच्या पाण्यातून निघालेल्या अँप्लिफायरचं पहिल्यांदा काय करायचं, तर तो धुवायचा. नळाखाली धरून, जुन्या ब्रशने, भांडी घासतो तसा. हे ऐकून बाहेरगावच्या माणसाचे डोळे मोठे होतात. महाडात दुकान थाटलेल्याला मात्र ही विद्या लवकर शिकावी लागते. पाण्याने यंत्र मरत नाही, पाण्याबरोबर आलेल्या गाळाने मरतं. गाळ आत सुकला की सगळं बसलंच म्हणून समजा. तो ओला असतानाच स्वच्छ पाण्याने काढून टाकायचा, मग चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवायचं आणि त्यानंतरच वीज द्यायची. निम्मे तरी उठून बसतात.

बाजारातल्या आमच्या दुकानात मी अठ्ठावीस वर्षं बसले. दुकान वडिलांचं, त्यांच्या काळात रेडिओचं. माझ्या काळात रेडिओ गेले आणि अँप्लिफायर, माइक, कीबोर्ड, गिटारी असं सगळं आवाजाचं काम येऊ लागलं. आयटीआयची परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झालेली, पण गिऱ्हाइकाला त्याचं काय? पोलादपूरकडच्या एका नवरदेवाचे मामा बंद पडलेला अँप्लिफायर घेऊन आले आणि मला विचारू लागले, "मेकॅनिक कुठं गेलाय?" मी म्हटलं, "चहाला गेलाय. तोवर मी उघडून ठेवते." उघडला, फ्यूजची जागा साफ केली, एक कॅपॅसिटर बदलला, गाणं लावून दाखवलं. मामा म्हणाले, "बरा वाजतोय. पण मेकॅनिक आला की एकदा त्याला दाखवा." अशा मामांनी माझा स्वभाव घडवला. कोणी माझ्या कामावर शंका घेतली की मी मीटर काढून त्याच्या नाकासमोर धरायची. आकडा दाखवला की माणूस गप्प होतो. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

याच सवयीने मी एका माणसाचं जे नुकसान केलं, ते सांगायला बसले आहे. बाकी गमतीजमती पुष्कळ आहेत, पण त्या सांगून मला हलकं वाटणार नाही.

सदूभाऊ पोलादपूरजवळच्या बौद्धवाडीतले. तरुणपणी मुंबईला गोदीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. नोकरी संपल्यावर गावी आले, आणि त्यांनी व त्यांच्या पत्नीने, सुलभावहिनींनी, वाडीतली गायन पार्टी पुन्हा उभी केली. गाणार वहिनी, ढोलकीवर पुतण्या, बँजोवर शेजारचे एक निवृत्त शिक्षक, आणि खाली सदूभाऊंचा बेस. आमच्याकडच्या गायन पार्टीत बेस गिटार नवीन नाही, पण सदूभाऊंसारखा वाजवणारा मी दुसरा पाहिला नाही. त्याचं कारण होतं त्यांचा फझ.

फझ म्हणजे हाताच्या पंजाएवढा एक लोखंडी डबा. गिटारचा आवाज एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने गुरगुरत, खरखरत बाहेर येतो. तरुण पोरं तो पायाने दाबून चालू-बंद करतात. सदूभाऊ पायाने काही करायचे नाहीत. त्यांच्या डब्याला पायाचं बटणच नव्हतं, तो कायम चालू. गिटारवर आवाज कमी-जास्त करण्याचं जे बटण असतं, त्यावर त्यांची उजवी करंगळी ठेवलेली असायची. बटण पूर्ण उघडं असलं की डबा गुरगुरायचा. करंगळीने किंचित मागे घेतलं की गुरगुर वितळायची आणि खालून गोल, मऊ सूर निघायचा. वहिनींचा आवाज चढला की हे खालून गुरगुरायचे, तो उतरला की हे मऊ व्हायचे. तीस-पस्तीस वर्षं एकत्र गाऊन वाजवून त्यांची करंगळी वहिनींच्या श्वासावर चालायची. ऐकणाऱ्याला बेस वेगळा ऐकूच यायचा नाही. बाई गाते आहे आणि तिच्या पायाखाली जमीन आहे, एवढंच वाटायचं.

एका पावसाळ्यात तो डबा माझ्याकडे आला. पिनेची जागा सैल झाली होती, पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, उद्या करते. दुसऱ्या दिवशी सावित्री नदीचं पाणी दुकानात छातीपर्यंत चढलं. पाणी ओसरल्यावर तो डबा मला कपाटाखालच्या गाळात सापडला. धुतला, सुकवला, पण आतले दोन्ही जुने ट्रान्झिस्टर गेले होते. मी सदूभाऊंना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तुमचं आख्खं दुकान गेलं नि तुम्ही माझ्या डब्याचं काय घेऊन बसल्यात? होईल सावकाश."

सावकाशच झालं. दुकान उभं करण्यात दिवाळी गेली. मग एक दिवस सदूभाऊ स्वतः आले आणि स्टुलावर बसले. वहिनींच्या घशाला गाठ निघाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, स्वरयंत्र काढावं लागेल. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती चौदा एप्रिलच्या जयंतीनंतरच्या आठवड्यातली.

"ती म्हणते, जयंतीला एक गाणं म्हणणार. एकच," सदूभाऊ म्हणाले. "डॉक्टर म्हनला, तोवर घसा वापरू नका. म्हंजे सराव पन नाय. एकदम तिथंच. ताई, डबा होईल का तोवर?"

मी म्हटलं, "होईल म्हणजे काय, पहिल्यापेक्षा चांगला होईल."

वडिलांच्या खणात जुन्या रेडिओतले ट्रान्झिस्टर जपून ठेवलेले होते, पूर आला तेव्हा तो खण वरच्या फळीवर होता म्हणून वाचलेले. त्यातले दोन जुळणारे निवडायला मला तीन दिवस लागले. डबा तयार झाला. मग मी माझा मीटर काढला.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. गिटारची तार हलली की तिच्याखालच्या पिकअपमध्ये, म्हणजे चुंबकावर गुंडाळलेल्या केसाएवढ्या तारेत, थोडीशी वीज तयार होते. ही वीज अशक्त असते. पुढे जोडलेलं यंत्र ती फार ओढून घेणारं असलं, तर ती दबते. कोणाला किती देणं जमतं आणि कोण किती ओढतं, याचा मेळ म्हणजे आमच्या भाषेत इम्पीडन्स. मेळ बसत नसेल तर मधे बफर टाकायचा. बफर म्हणजे मधला माणूस. हळू बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकायचं आणि तेच पुढच्याला दमदारपणे सांगायचं, एवढंच त्याचं काम. स्वतःचं काही घालत नाही. चार-सहा सुटे भाग लागतात, एका सुपारीएवढ्या जागेत बसतो.

सदूभाऊंचा जुन्या पद्धतीचा फझ फार ओढून घेणारा होता. गिटार त्याला जोडली की तिची वीज निम्म्याखाली येते, हे मला मीटरवर स्पष्ट दिसलं. मला तो दोष वाटला. इतकी वर्षं ह्या माणसाच्या गिटारीचा अर्धा आवाज हा डबा पितो आहे, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही! मी फझच्या आधी, गिटारीच्या बाजूला, एक बफर बसवला. आतमध्येच, बाहेरून दिसणार नाही असा, कायम चालू. माझ्या हातून पुरात गेलेल्या वस्तूची ही भरपाई होती, आणि वहिनींच्या शेवटच्या गाण्यासाठी माझ्याकडून भेट. डब्याला मी निळा रंगही दिला.

जयंतीच्या दोन दिवस आधी सदूभाऊ गिटार घेऊन आले. दुकानातल्या छोट्या अँप्लिफायरवर लावून पाहिलं. आवाज भरून आला, स्पष्ट, दणदणीत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी करंगळीने बटण मागे घेतलं. पुन्हा पुढे केलं, पुन्हा मागे.

"आवाज मोठा झालाय," ते म्हणाले.

"मग? सांगितलं होतं ना?"

"पन वितळत नाय तो. लहान होतो, पन खरखर ऱ्हातेच. बोटाचं ऐकत नाय, ताई."

मी मीटर जोडला. आधीचा आकडा, आताचा आकडा, दोन्ही दाखवले. "सदूभाऊ, आधी तुमचा अर्धा आवाज वाया जात होता. आता सगळा पोचतोय. तुम्हाला नवीन वाटतंय इतकंच. सवय होईल."

ते मीटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या हायत. तुम्हाला जास्त समजतंय." डबा पिशवीत घातला आणि गेले.

त्या वाक्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी चिडून का होईना पण पुन्हा उघडून बघितला असता. मुळात तीस वर्षं ज्याचं बोट त्या बटणावर आहे, तो माणूस सांगतो आहे की ऐकत नाही, आणि मी त्याला आकडे दाखवते आहे. मेकॅनिक कुठे गेलाय विचारणारे मामा आणि मी, दोघांत फरक तो काय राहिला?

जयंतीला मी मुद्दाम पोलादपूरला गेले. दुपारची मिरवणूक आटोपली होती, ऊन उतरत होतं, समाजमंदिरापुढे मंडप घातला होता. वाडीतली माणसं तर होतीच, मुंबईहून आलेलीही पुष्कळ होती. सगळ्यांना माहीत होतं हे गाणं कशासाठी आहे. वहिनी पांढरी साडी नेसून माइकपाशी बसल्या. गाणं त्यांनी स्वतः रचलेलं होतं, आईने त्यांना शाळेत कसं घातलं त्याचं. चार कडवी. वाडीला पाठ. तिसऱ्या कडव्यात आई गेल्याचं सांगताना आवाज जवळजवळ बोलण्यावर येतो, आणि तिथे सदूभाऊ अगदी मऊ होतात, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं.

पहिली दोन कडवी बरी गेली. वहिनींचा आवाज घोगरा होता, पण सूर पक्का होता. बेस दणदणत होता आणि मी, काय सांगू, खूश होऊन बघत होते. माझं काम वाजत होतं.

तिसरं कडवं आलं. वहिनींनी आवाज उतरवला. सदूभाऊंची करंगळी मागे गेली. डबा वितळला नाही. तशीच खरखर, फक्त लहान झालेली, वहिनींच्या उतरलेल्या आवाजावर पसरली. सदूभाऊंनी आणखी मागे घेतलं. आता सूर तुटायला लागला, मध्येच यायचा, मध्येच जायचा, जसा कोणी खाकरतो आहे. वहिनी थोड्या जोराने गाऊ लागल्या. तो जोर त्यांच्या घशात नव्हता. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सदूभाऊंनी एकदा डब्याकडे पाहिलं, आणि तारांवर तळवा ठेवून वाजवणं बंद केलं.

वहिनींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. माइक चालू होता, त्यामुळे वहिनी हळूच जे म्हणाल्या ते सगळ्यांना ऐकू आलं. "वाजवा ना."

त्यांनी वाजवलं नाही. बँजोही थांबला होता; चौथं कडवं वहिनी एकट्याच गायल्या, नुसत्या ढोलकीवर. शेवटच्या ओळीत आवाज फाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायका रडत होत्या, आणि मी स्वतःची समजूत घातली की सदूभाऊंना गहिवरून आलं म्हणून हात थांबले. तेच सोयीचं होतं.

पुढच्या आठवड्यात वहिनींची शस्त्रक्रिया झाली.

महिन्याभराने नाते गावाहून एक गृहस्थ आले. शाळेत क्लार्क, नुकतीच महागातली बेस गिटार घेतलेली. या नव्या गिटारींच्या पोटात बॅटरी असते. त्यांची तक्रार अशी, की मुंबईहून आणलेला फझ नुसता खरखरतो, बटण कमी केलं तरी मऊ होत नाही. मी त्यांचा फझ आमच्या दुकानातल्या जुन्या, बिनबॅटरीच्या गिटारीला जोडला. बटण मागे घेतलं, आणि तो छान वितळला. मग त्यांच्या गिटारीला जोडला, आणि नाही वितळला.

"म्हणजे माझी गिटार खराब हाय?" क्लार्कसाहेब विचारत होते.

गिटार खराब नव्हती. बॅटरीवाल्या गिटारीच्या पोटात काय असतं, तर बफर. फझच्या आधी बफर. सदूभाऊंच्या डब्यात मी हेच करून ठेवलं होतं.

जी गोष्ट मला दोष वाटली होती, तीच त्या डब्याची सगळी करामत होती. फझ गिटारीची वीज ओढून घेतो म्हणूनच दोघांची गाठ पडलेली असते. करंगळीने बटण मागे घेतलं की नुसता आवाज कमी होत नाही, तर त्या गाठीत अडथळा वाढतो, फझचा जोर ओसरतो आणि सूर मऊ होतो. मी मधे दमदार मध्यस्थ बसवला आणि बोटाचा डब्याशी असलेला संबंधच तोडून टाकला. बफर लावायचाच होता तर फझच्या नंतर, लांब वायरीच्या आधी लावायचा. जागा चुकली. चार-सहा सुटे भाग, सुपारीएवढी जागा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी पोलादपूरची एसटी धरली. पिशवीत सोल्डरचं सामान होतं.

सदूभाऊ अंगणात लाकडं रचत होते. वहिनी ओटीवर बसल्या होत्या, गळ्याला पांढरं फडकं, त्यामागे श्वासासाठी केलेलं भोक. मला बघून त्या हसल्या आणि हाताने बसायची खूण केली. शेजारी एक वही आणि पेन. आता बोलणं त्या वहीतून.

मी चहासुद्धा घेतला नाही. उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. बफर, त्याची जागा, मीटर, सवय होईल असं मी म्हणाले होते ते. "चूक माझी होती, सदूभाऊ. तुम्ही मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. त्या दिवशी तुमचं बोट बरोबर होतं."

सदूभाऊ लाकडावरून हात काढून उभे राहिले. "मला वाटलंच व्हतं तुमी मुद्दाम नाय केलं," ते म्हणाले. "डबा बाजूला काढाया मधीच वायर उपटली असती, तर ढप्प करून आवाज झाला असता तिच्या गान्यात. म्हनून हात ठेवला."

वहिनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. मग त्यांनी वही ओढली आणि लिहिलं. लिहून ती वही नवऱ्याकडे न देता माझ्याकडे दिली, कारण सदूभाऊंचा चष्मा आत होता. "वाचा," अशी खूण केली.

मी वाचलं. "मला वाटलं मी बेसूर झाले, म्हणून हे थांबले."

दीड महिना. ऑपरेशनच्या टेबलावर जाताना, शुद्धीवर येताना, मुंबईच्या त्या वॉर्डात पडून असताना, ही बाई हेच मनात धरून होती. की शेवटचं गाणं आपण बिघडवलं, इतकं की नवऱ्यालाही साथ देववली नाही. त्याने सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं तिला कळलं असेल. तिने विचारलं नाही, कारण विचारायला आवाज नव्हता, आणि असं वहीत लिहून विचारायचं धाडस होत नसेल.

सदूभाऊ ओटीवर येऊन तिच्यापाशी बसले. "नाय गो," ते म्हणाले. "तू सुरात व्हतीस. शेवटपर्यंत सुरात व्हतीस. माझा डबा बेसूर झाला." दोनदा-तीनदा तेच म्हणाले. वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्यांच्या रडण्याला आवाज नव्हता, फडक्याआडून नुसती हवा येत-जात होती.

मी माझं काम केलं. बफर काढून टाकला, गिटारीची वायर पूर्वीसारखी थेट फझला जोडली. सदूभाऊंनी गिटार मांडीवर घेतली, छोटा अँप्लिफायर लावला. मला वाटलं एखादा सूर लावून बघतील. त्यांनी ते गाणंच सुरू केलं, पहिल्या कडव्यापासून.

दोन कडवी डबा गुरगुरला. तिसऱ्याला त्यांची करंगळी मागे गेली आणि सूर वितळला. इतका मऊ, की अंगणातल्या कोंबड्यांचं उकरणं ऐकू येत होतं. वहिनींचे ओठ हलत होते. सदूभाऊ त्यांच्या ओठांकडे बघून वाजवत होते, त्या श्वास घेतील तिथे थांबत होते, त्या उतरतील तिथे उतरत होते. वहिनींच्या आवाजासाठी ठेवलेली ती जागा मला स्वच्छ ऐकू आली. ती तशीच रिकामी ठेवून त्यांनी चौथं कडवंही वाजवलं, शेवटच्या ओळीपर्यंत.